परवा वास्तुशांत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका संडासला जाताना ‘जरा बँकेत जाऊन येतो’ असं म्हणायचे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रविवार होता. आम्ही दोघं पुण्याहून हैदराबादला, कुकटपल्लीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि मी विरजण मागायला त्यांच्या दारात उभी होते. शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, “काका, आज रविवार आहे, बँक बंद असेल.” काकूंनी तोंडाला पदर लावला. काका शांतपणे म्हणाले, “ही चालू असते,” आणि आत जाऊन कडी लावली.

खुलासा काकूंनी केला. फ्लॅट कर्ज काढून घेतलेला. जेवढं कर्ज फिटलं तेवढं घर आपलं, उरलेलं बँकेचं, हा काकांचा नियम. आणि तो नुसता बोलण्यापुरता नव्हता. घरात जमिनीवर चक्क खडूची रेघ होती. रेघेच्या आतल्या बाजूला आपलं, बाहेरच्या बाजूला बँकेचं. हप्ता भरला की रेघ पुढे सरकायची, आणि हप्त्याच्या वर काही भरता आलं की आणखी पुढे. काका कर्ज रुपयांत मोजत नसत, फरशांत मोजत. “ह्या महिन्यात दीड फरशी सुटली,” असं सांगायचे, गहाण पडलेला दागिना सोडवून आणल्यासारखं. आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघरात गॅस आपला आणि सिंक बँकेचं अशी परिस्थिती होती. बाहेरची खोली, मोरी, संडास आणि दार यांचा तर प्रश्नच नव्हता.

काकांचं नाव मी लिहिणार नाही. एक तर त्यांना ते आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे ते त्यांच्या दारावरही नव्हतं. बँकेच्या दारावर आपल्या नावाची पाटी ठोकणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची सगळी कुरिअरं आमच्याकडे यायची.

ते एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. नटबोल्ट मोजून देण्यात आयुष्य गेलेलं. घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखाचं, शेतीवाडीचं. आजोबा नोकरीसाठी शहरात आले ते इथलेच झाले. काका शर्टाला इस्त्री फक्त पुढून करायचे. पाठीला का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “पाठीला खुर्ची करते की.”

आता ही रेघ आली कुठून, ते सांगायला हवं. फ्लॅट घेण्याआधी हे दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला, तारनाक्याला काकांच्या थोरल्या भावाच्या घरी राहत. काकूंचं निम्मं आयुष्य तिथे जाऊबाईंच्या हाताखाली गेलं. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण घर त्यांचं होतं आणि ते त्या विसरू देत नसत. डबे कुठल्या फळीवर ठेवायचे हेसुद्धा काकूंनी विचारून ठेवायचं. शेवटी काकांनी कर्ज काढलं, फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच दिवशी जाऊबाई चहाला आल्या. सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि म्हणाल्या, “घर छान आहे. बँकेचं आहे, पण छान आहे.”

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत ठरली होती, ती त्यांनी रद्द करवली. म्हणाल्या, माझी वास्तुशांत माझ्या घरात होईल, आणि त्या दिवशी जाऊबाई पाटावर बसतील आणि मी वाढीन. काकांनी बायकोला काही समजावलं नाही. शेजारच्या मुलाकडून खडू मागून आणला आणि रेघ मारली.

ह्यातलं काही आम्हांला माहीत नव्हतं, म्हणून आमची फजिती झाली. नवीनच होतो. एके दिवशी लिफ्टपाशी काका भेटले आणि म्हणाले, “परवा आमची वास्तुशांत आहे. दोघंबी जेवायला या.” किती अगत्याचा माणूस, असं आम्हांला वाटलं. नवऱ्याने अर्धी रजा टाकली. मी भिंतीवरचं एक छानसं घड्याळ आणलं, काठापदराची साडी नेसले, आणि तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास आम्ही समोरची बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं. अंगात गाऊन, डोक्याला तेल थापलेलं. मागून बनियनवर काका आले, कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती.

“कुठं जायलात एवढं नटून?” त्यांनी कौतुकाने विचारलं.

“तुमच्याकडेच. वास्तुशांत आहे ना?”

“हौ, परवा आहे.”

“अहो, तुम्ही परवा म्हणालात म्हणून तर आलो.”

“मग परवा या की. आज कशाला आलात?”

“काका, आज परवाच आहे.”

“आज आज आहे,” काका म्हणाले. त्यांना आमची काळजी वाटायला लागली होती.

काकूंनी आम्हांला आत घेतलं आणि समजावलं. हैदराबादचा परवा म्हणजे पुण्याचा परवा नव्हे. इथे काल, आज आणि उद्या सोडून उरलेला सगळा काळ म्हणजे परवा. काकूंचं लग्न परवा झालं. काकांचे आजोबा गावाहून परवा आले. आणि वास्तुशांत, बँक घरातून निघाली की, परवा. “परेशान नका होऊ,” काका म्हणाले, “जेवल्याबिगर जाऊ नका. खिचडी आहे.” मग मी जरीच्या साडीत बसून मुगाची खिचडी खाल्ली. घड्याळ त्यांनी ठेवून घेतलं, पण लावलं नाही. भिंत बँकेची होती. “परवा लावू,” म्हणाले. नवऱ्याच्या हातून जरा चहा सांडला, तर काका म्हणाले, “सांडू द्या, तिकडं बँकेचं आहे.”

तेव्हापासून मी ‘पुणेकर’ झाले. “काय पुणेकर, आज काय वार आहे?” असं चारचौघांत विचारायचे. वास्तुशांतीचं बोलावणं ते सगळ्या बिल्डिंगला देत असत, भेटेल तेव्हा, वर्षानुवर्षं. लोक “हौ, हौ, नक्की” म्हणायचे आणि आपापल्या मजल्यावर उतरायचे. बघता बघता मीही तसंच म्हणायला लागले. एकदा पुण्याहून आईने फोनवर विचारलं, केस कधी कापलेस, तर मी “परवा” म्हणून सांगितलं. कापून वर्ष झालं होतं.

बिल्डिंगमध्ये काकांना खरी प्रसिद्धी मिळाली ती लिफ्टमुळे. उन्हाळ्यात घरात पंखा लावला की बिल येतं, पण लिफ्टमध्ये पंखा असतो आणि तो मेंटेनन्समध्ये असतो. मेंटेनन्स आपण भरतोच. एवढा साधा विचार आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या दुपारी काका घडीचं स्टूल आणि आमचा पेपर घेऊन लिफ्टमध्ये बसायचे. वर, खाली, वर, खाली. येणाऱ्याजाणाऱ्यांना मजला विचारून बटण दाबायचे. कुणाकडे आलेल्या एका पाहुण्याने त्यांना लिफ्टमन समजून उतरताना हातावर दहा रुपये ठेवले. दुसरा कुणी असता तर अपमान वाटून घेतला असता. काकांनी नोट उजेडात धरून बघितली, खिशात घातली आणि संध्याकाळी मला फरशीवर नखाएवढी जागा दाखवली. “हे त्या माणसानं सोडवलं,” म्हणाले. पुढे तो पाहुणा परत आला तेव्हा काकांनी त्याला घरी नेऊन ती जागा दाखवली आणि पाणी पाजलं.

मग सरकारने बायकांना बस फुकट केली, आणि काकांच्या संसारात क्रांती झाली. बाहेरची सगळी कामं त्याच दिवशी काकूंकडे गेली. तोपर्यंत बेगम बाजारात डाळी-मसाले आणायला काका जायचे, तेही वर्षातून एकदा. आता काकू आठवड्याला जायला लागल्या. काका सोबत गेले तर त्यांचं तिकीट पडणार, म्हणून ते घरूनच फोनवर भाव करायचे. “त्याला फोन दे,” म्हणायचे, आणि कुकटपल्लीत बसून बेगम बाजारातल्या दुकानदाराशी मिरचीवरून वाद घालायचे. काकू मात्र खूश होत्या. आयुष्यभर न बघितलेलं शहर त्यांनी दोन वर्षांत पालथं घातलं. बस शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते म्हणून त्या शेवटच्या स्टॉपपर्यंत जायच्या, जरा बसून परत यायच्या. फक्त तारनाक्याची बस त्यांनी कधी घेतली नाही.

त्या रेघेचे फायदे काकूंनाही होते. काकांचा नियम असा की दुसऱ्याच्या घरात आवाज चढवायचा नाही. म्हणजे बँकेच्या भागात भांडण बंद. त्यामुळे वाद पेटला की काकू टुणकन रेघ ओलांडायच्या आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. काका अलीकडे लालबुंद.

“इकडं ये, मग सांगतो,” ते खालच्या पट्टीत म्हणायचे.

“नक्को. मी बँकेच्या साहेबांकडे आले,” काकू म्हणायच्या.

पण दर महिन्याला रेघ पुढे जायची आणि काकूंची उभी राहायची जागा कमी व्हायची. आधी मोरी गेली. मग संडास सुटला, त्या दिवशी काकांनी आम्हांला पेढा दिला आणि कशाचा ते सांगितल्यावर आम्ही तो हातातच धरून ठेवला. तरीही काकू फरशी पुसताना रेघ पुसून पुन्हा काढायच्या त्या हळूच एक बोट पुढे काढायच्या. हे त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. काकांनी मला शपथ घालून सांगितलं होतं की ते रोज सकाळी ती एक बोट मागे घेतात. “तिला वाटू द्या, लवकर फिटायलंय,” म्हणाले. मी दोन्ही शपथा पाळल्या.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की माणूस कंजूष होता. मला तसं कधी वाटलं नाही. ते स्वतःवर खर्च करत नसत, पण कुढतही नसत. चहाच्या हॉटेलात एका चहाचे दोन भाग करून घेणं हैदराबादेत सगळेच करतात. काका तीन भाग सांगायचे आणि तिसरा वॉचमनसाठी न्यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आपण कशासाठी जगतोय ते त्यांना रोज सकाळी जमिनीवर बघायला मिळायचं.

हळूहळू रेघ बाहेरच्या खोलीतून सरकत दारापाशी आली. उरला फक्त उंबरठा आणि दार. मग भांडणात काकू उंबरठ्यावर उभ्या राहायला लागल्या, कारण तेवढंच बँकेचं राहिलं होतं. आम्ही आमच्या दारातून बघायचो. काकांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि त्याआधी बँकेला घराबाहेर काढायचं, असा त्यांचा निश्चय होता. एवढ्या लवकर कशाला फेडता, असं बँकेतल्या साहेबाने विचारलं, तेव्हा ते त्याला म्हणाले, “माझ्या घरी लई दिवस राहिलात. आता तुमच्या घरी जा.” पण हे मला नंतर कळलं. कर्ज फिटल्याचं त्यांनी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की लोक पार्टी मागतात, आणि वास्तुशांतीचं जेवण असताना वेगळी पार्टी कशाला.

एका सुट्टीच्या शुक्रवारी लिफ्टमध्ये स्टुलावर बसून पेपर वाचताना ते मला म्हणाले, “पुणेकर, परवा वास्तुशांत. दोघंबी जेवायला या.”

“हौ काका, नक्की,” मी म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावर उतरले.

रविवारी साडेअकराच्या सुमारास मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं, तर जिन्यात तुपाचा वास. त्या घरातून तुपाचा वास मी पहिल्यांदाच घेत होते. समोरच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. दारावर पाटी होती, खरीखुरी, रंगवलेली. पाटीवर लिहिलं होतं, ‘उषा’. आणि पाटीखाली काकू उभ्या होत्या, जांभळ्या रेशमी साडीत, नाकात नथ.

“आलात?” त्या म्हणाल्या. “तुम्हीच पहिल्या.”

मी गाऊनमध्ये होते, हातात कचरा. त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. होम होऊन गेला होता, गुरुजी दक्षिणा घेऊन दुसऱ्या कामाला गेले होते. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, पानांवर मीठ आणि लिंबू. पुरणपोळ्यांची चळत, मसालेभाताचं पातेलं, बगाऱ्या वांग्यांची भाजी, खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, गोड. सगळ्या बिल्डिंगला पुरून उरेल एवढं. भिंतीवर आमचं घड्याळ चालू होतं. त्यात टीव्हीच्या रिमोटचा सेल घातला होता. आणि सगळे पाट रिकामे. मधोमध काका सोवळ्यात उभे, हातात तुपाची वाटी.

“सगळ्यांना सांगितलं,” ते म्हणाले. “समक्ष सांगितलं. तारनाक्याला दादाला फोन करून सांगितलं. कुणीच कसं नाही?”

“काय म्हणून सांगितलंत?” काकूंनी विचारलं.

“परवा म्हणून.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “इतकी वर्षं ह्या तोंडानं परवा म्हणालात. लोक येतील कशाला? एक पत्रिका छापता आली नाही?”

“पत्रिकेला पैसे पडतात,” काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, “पण ह्या वेळी खरंच परवा होतं.”

हसू येण्यासारखंच होतं, पण मला हसू आलं नाही. काकू कोपऱ्यातल्या एका पाटापाशी गेल्या. त्या पाटाभोवती रांगोळी जास्तीची होती. तो कुणासाठी मांडला होता ते मला विचारावं लागलं नाही. त्यांनी वाकून पानावरचं लिंबू उचललं, उगाच पुसलं आणि परत ठेवलं. मला फार वाईट वाटलं. कचऱ्याची पिशवी तिथेच टाकून मी म्हटलं, “काका, तुम्ही लिफ्टमध्ये जा.”

“आज?”

“हो, आज. प्रत्येक मजल्यावर थांबा आणि नुसतं ‘आज’ म्हणा.”

लिफ्ट हा त्यांचा प्रांत. सोवळ्यातला माणूस तुपाची वाटी हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरला, आणि मजल्यामजल्यावर दार उघडून त्यांचा आवाज यायला लागला. “आज! जेवायला चला, आज!” एवढ्या वर्षांत काकांच्या तोंडून हा शब्द आमंत्रणासाठी कुणी ऐकला नव्हता. लोकांना वाटलं आग लागली. जे होते ते तसेच बाहेर आले. बर्म्युड्यातले, अर्धी दाढी केलेले. वॉचमनने खाली उभ्या असलेल्या भाजीवाल्यालाही वर पाठवलं.

मी काकांच्या मोबाइलवरून तारनाक्याला फोन लावला. जाऊबाईंनीच उचलला.

“वास्तुशांत आज आहे,” मी म्हटलं. “पानं मांडून झालीत. उषाकाकू तुमच्यासाठी थांबल्यात.”

“आज कसं? भावजी तर परवा म्हणाले.”

“ते परवा म्हणाले, तो परवा आज आहे.”

“तुम्ही कोण बोलायलात?”

“मी समोर राहते. पुण्याची.”

“मग खरंच आज असेल,” जाऊबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बिल्डिंगची पहिली पंगत उठली, दुसरी उठली. माझा नवरा बर्म्युड्यावर उपरणं घेऊन पोळ्या वाढत होता. कोपऱ्यातल्या पाटावर काकूंनी कुणालाही बसू दिलं नाही. दुपार कलायला लागली तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि काकांनी जाऊबाईंना आणि दादांना वर आणलं. जाऊबाई घामाघूम झाल्या होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या, आणि त्यांचं तिकीट लागलं नाही हे काकांनी आधी विचारून घेतलं होतं. त्या दारापाशी थांबल्या. पाटी वाचली.

“तुमचं नाव कुठंय, भावजी?”

“पेंटर अक्षरामागं पैसे घेतो,” काका म्हणाले. “माझं नाव आडनावासकट केवढं होतं. हिचं दोन अक्षरांत भागलं.” आणि दुसरीकडे बघायला लागले.

जाऊबाई आत आल्या. कोपऱ्यातल्या पाटावर बसल्या. काकूंनी वाढलं, डावीकडून, उजवीकडून, जसं वाढायचं तसं. जाऊबाई मुकाट्याने जेवत होत्या आणि आम्ही सगळे काहीतरी करत असल्याचं दाखवत त्यांच्याकडे बघत होतो. एक पोळी संपवून त्यांनी मान वर केली. खोलीभर नजर फिरवली, घड्याळापर्यंत.

“घर छान आहे,” त्या म्हणाल्या.

काका तुपाची वाटी घेऊन वाकलेले, तसेच थांबले. ‘पण’ यायची सगळे वाट बघत होतो.

“उषाचं घर छान आहे,” जाऊबाई म्हणाल्या, आणि पानावर आडवा धरलेला हात काढला. “वाढ अजून एक.”

काकूंनी पोळी वाढली, वर तूप घातलं. मग पोळ्यांचं ताट माझ्या हातात दिलं, भरभर चालत दारापर्यंत गेल्या आणि जुन्या सवयीने उंबरठ्यावर जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

“तिथं आता साहेब नाहीत,” ते हळूच म्हणाले. “आत ये. रडायचं असलं तर मधोमध बसून रड.”